सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतून प्रत्यक्षात काय मिळते?

आपण लिहिले आहे की आपली भाची विट्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आंतरराष्ट्रीय कक्ष, जागतिक सहकार्य, परदेशी विद्यापीठांशी करार असे शब्द दिसू लागले आहेत, आणि त्यातून आपल्या भागातल्या मुलीच्या पदरात नेमके काय पडते, की तिने सरळ पुण्याची किंवा दिल्लीची वाट धरावी, असा आपला प्रश्न आहे. मी साताऱ्यात सत्तावीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि निवृत्तीपूर्वीची सहा वर्षे आमच्या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचा समन्वयक होतो; म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि अर्धा लिपिक (उरलेला अर्धा परीक्षा विभागाचा) एवढ्यांचा प्रमुख होतो. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

माझे मत आधीच सांगतो. ‘आंतरराष्ट्रीय’ या एका पाटीखाली विद्यापीठांत दोन वेगळी कामे चालतात. पहिले काम जगाचा अभ्यास करण्याचे: एखादा देश किंवा प्रदेश घ्यायचा, त्याची भाषा शिकायची, तिथला इतिहास, शेती, राजकारण, धर्म समजून घ्यायचा आणि त्यावर वर्षानुवर्षे काम करत राहायचे. दुसरे काम जगाशी संबंध जोडण्याचे: परदेशी विद्यार्थी आणायचे, आपले पाठवायचे, करार करायचे, पाहुण्यांची व्याख्याने ठेवायची. आपल्याला जी वाढ दिसते आहे ती जवळजवळ सगळी दुसऱ्या कामाची आहे. पहिले काम आमच्या दोन जिल्ह्यांत नीट सुरूच झालेले नाही, आणि त्याच्यावाचून दुसऱ्यालाही जीव येत नाही.

दुसरे काम एकाएकी का वाढले, याची कारणे सरळ आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय असावे असे म्हटले. २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२२च्या विनियमांनी परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी, दुहेरी पदवी आणि काही सत्रे तिकडे घालवण्याची सोय असलेला जोड-अभ्यासक्रम असे तीन मार्ग खुले केले. मात्र हे मार्ग सरसकट सगळ्यांना खुले नाहीत. आयोगाच्या पूर्वमान्यतेशिवाय असा करार करायचा तर आपल्या संस्थेला नॅकचे, म्हणजे महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यमापन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे, चारपैकी किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात हवी, किंवा तिला सरकारचा विशेष दर्जा मिळालेला हवा, आणि समोरचे विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवे. शिवाय नॅकच्या मूल्यमापनात सहकार्य आणि चालू स्थितीतले सामंजस्य करार यांनाही गुण आहेत. जिथे गुण मोजले जातात तिथे कागद वाढतात, हे कुठल्याही प्राध्यापकाला सांगावे लागत नाही.

आमच्याच कक्षाच्या कपाटात माझ्या काळात अकरा करार होते. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगतो. पूर्व युरोपातील एका विद्यापीठाचे दोन प्राध्यापक दुसऱ्या कुठल्या तरी परिषदेसाठी पुण्याला आले होते. त्यांना एका दिवसासाठी साताऱ्याला आणले, शाल-श्रीफळ झाले, कंदी पेढ्यांचे खोके दिले, सह्या झाल्या, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पाच वर्षांच्या त्या करारात विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, ग्रंथांची अदलाबदल असे सगळे शब्द होते. तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे हे एक वाक्य तेवढे नव्हते. पाच वर्षांत तिकडून नाताळच्या शुभेच्छांची चार पत्रे आली आणि आम्ही त्यांना दिवाळीची पाच पाठवली. मुदत संपल्यावर नूतनीकरणाची टिपणी मीच लिहिली, कारण नॅकची भेट तोंडावर आली होती. यात माझाही दोष आहे, तो मी नाकारत नाही.

दुसरीकडे, ज्यांना बाहेरून इथे यायचे असते अशा मुलांचे आकडे फार मोठे नाहीत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात सगळे मिळून ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे होते. आपल्याकडून शिकायला बाहेर जाणाऱ्यांचा वार्षिक आकडा काही लाखांत आहे. जे येतात त्यांतले बरेच पुण्या-बंगळुरूकडे वळतात, आणि त्याला इतिहास आहे. पुण्याच्या सिंबायोसिसचे संस्थापक शां. ब. मुजुमदार हे मूळचे आपल्याच बाजूचे, गडहिंग्लजचे. फर्ग्युसनमध्ये असताना काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे हाल त्यांनी पाहिले आणि त्यातून परदेशी मुलांना आधार देणारी संस्था म्हणून १९७१मध्ये सिंबायोसिस सुरू झाली. करार, क्रमवारी, संयुक्त पदव्या हे सगळे नंतरचे. आधी आजारी मुलाला डबा कोण नेऊन देणार हा प्रश्न होता.

आमच्याकडेही खरे शिक्षण त्याच दाराने आले. एका वर्षी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर इथिओपियाचा एक विद्यार्थी भूगोलात पीएच.डी. करण्यासाठी आला, विषय दुष्काळी भागातील पाणलोट. रात्री साडेअकराला तो सातारा स्टँडवर उतरला आणि त्याच्याबरोबर आमचे नियमही उतरले. परदेशी माणूस वसतिगृहात राहायला आला की चोवीस तासांच्या आत ‘सी फॉर्म’ भरावा लागे. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागे, आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. काम ऑनलाइन झालेले होते, पण वसतिगृहाच्या रेक्टरांचे नाव संकेतस्थळावर नोंदवलेले नव्हते, भाडेपट्ट्याच्या जागी कोणता कागद जोडायचा ते कोणालाच ठाऊक नव्हते, आणि बोनाफाइडवर त्याचे नाव पासपोर्टप्रमाणे न लिहिता आमच्या सॉफ्टवेअरच्या सवयीने आडनाव आधी घालून लिहिले गेले होते. इथिओपियात आडनाव ही वस्तूच नसते; स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव एवढेच असते. आजोबांना आडनाव करून आम्ही जो घोळ घातला तो निस्तरायला नऊ दिवस लागले.

पुढे फेब्रुवारीत मी त्याला घेऊन माण तालुक्यात गेलो. दहिवडीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची काढणी चालली होती. तो गाडी थांबवून खाली उतरला, एक कणीस हातात घेतले, दाणे चोळून तोंडात टाकले आणि म्हणाला, हे आमच्या घरचे पीक आहे. ज्वारी मुळात ईशान्य आफ्रिकेतून आपल्याकडे आली हे मी कधीतरी वाचलेले होते. ते वाचलेले असणे आणि भाकरीच्या मूळ मुलखातला माणूस शाळूच्या रानात उभा असलेला पाहणे यांत फार अंतर आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, तुमच्या अम्हारिक भाषेत याला काय म्हणतात? त्याने अम्हारिक शब्द सांगितला, ‘माशिला’. मग जरा थांबून नम्रपणे सांगितले की त्याच्या घरची भाषा अम्हारिक नव्हे, ओरोमो आहे. ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज आहे, त्यांची भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि त्या देशाचे अर्धे राजकारण या भाषेच्या प्रश्नाभोवती फिरते. मी पंचवीस वर्षे ‘तिसऱ्या जगातील राजकारण’ हा पेपर शिकवत होतो आणि मला यातले काही सांगता आले नसते. परत आल्यावर ग्रंथालयात शोधले तर इथिओपियावर एकही स्वतंत्र पुस्तक निघाले नाही. मेसच्या मावशींनी मात्र त्याला आंबील पाजली, ती आंबट चव त्याला ओळखीची वाटली, आणि पुढच्या रविवारी त्याने त्यांच्याच भाकरीच्या तव्यावर आंबवलेल्या ज्वारीचा इंजेरा, म्हणजे तिकडची आंबोळी, करून पाहिला. पहिले दोन तव्याला चिकटले, तिसरा चांगला निघाला.

आता उलट बाजू पाहा, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. जगाने सातारा-सांगलीचा अभ्यास फार पूर्वीपासून आणि फार कसून केलेला आहे. १९५७मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८मध्ये कायदा करून परकीय भाषा आणि परदेशांचे अभ्यास यांसाठी विद्यापीठांना पैसा दिला. त्याच सुमारास अमेरिकेच्याच पी. एल. ४८० या धान्य-मदतीच्या कायद्याखाली भारताला विकलेल्या गव्हाचे रुपये इथेच साठत होते. आमच्या आधीच्या पिढीने तो गहू रेशनवर खाल्ला. त्या रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली जाऊ लागली, त्यांत मराठीही होती. म्हणून साताऱ्यातल्या संशोधकालाही एखादे जुने मराठी पुस्तक इथे न मिळता शिकागोच्या सूचीत सापडते.

त्या व्यवस्थेतून माणसेही आली. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी फलटणच्या बोलीतले भेद अभ्यासले, मग फलटणलाच राहिल्या, भारताचे नागरिकत्व घेतले आणि तिथे शाळा उभी केली. डॉ. गेल ऑम्वेट यांनी बर्कलीला १९७३मध्ये पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला. त्यांनी वाळवे तालुक्यातल्या कासेगावला घर केले आणि २०२१मध्ये तिथेच त्या गेल्या. जर्मनीत हायडेलबर्गला १९६२मध्ये दक्षिण आशिया संस्था निघाली. तिथल्या गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर आयुष्य घालवले. (आमच्याकडे आरेवाडीला बिरोबाची यात्रा भरते तेव्हा वाहतूक कोंडीची बातमी येते, एवढाच आमचा अभ्यास.) धनगरांच्या दैवतांकडे जर्मन वळले तर मेंढ्यांकडे ऑस्ट्रेलियन: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतले जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले, त्या कामात ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ सहभागी होते.

या सगळ्यांत सारखी असलेली गोष्ट अशी की सामाजिक अभ्यासाला आलेला प्रत्येक जण आधी मराठी शिकला. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील लहान महाविद्यालयांच्या संघाने १९६९पासून पुण्यात भारताच्या अभ्यासाचा जो कार्यक्रम चालवला, त्यातसुद्धा विशीतली मुले मराठीचे धडे घेत आणि पुण्याच्या घरांत राहून भाजी आणायला जात. आपल्या आंतरराष्ट्रीय कक्षांच्या आराखड्यांत भाषा हा शब्द आला तर तो ‘इंग्रजी संभाषण कौशल्य’ एवढ्यापुरता येतो.

आपल्या देशात हे काम झालेच नाही असे नाही. दिल्लीला सप्रू हाऊसमध्ये १९५५मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७०मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६पासून हा विषय आहे. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ते झिरपले नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालये १९६२मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम स्वतः ठरवता येत नाही. राज्यशास्त्राच्या पदवीत आंतरराष्ट्रीय राजकारणाचे एक-दोन पेपर असतात. त्यांत शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रे आणि भारताचे परराष्ट्र धोरण येते, पण एखादा परका समाज आतून कसा चालतो हे येत नाही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे. अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मोकळीक असलेल्या अशा विद्यापीठाने एकच प्रदेश, समजा पूर्व आफ्रिका, निवडला आणि त्याच्यासाठी दोन पूर्णवेळ पदे व एक भाषा दिली, तर अकरा करारांपेक्षा ते मोठे काम ठरेल असे मला वाटते.

विज्ञानाच्या बाजूला चित्र बरे आहे आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पातळ थरांच्या पदार्थांवर, म्हणजे तिथली मुले ज्याला ‘थिन फिल्म’ म्हणतात त्यावर, बऱ्याच वर्षांपासून काम चालते आणि तिथून पीएच.डी. झालेली कितीतरी मुले दक्षिण कोरियाच्या प्रयोगशाळांत गेली. एकाने दुसऱ्याला ओढले, दुसऱ्याने तिसऱ्याला. आमच्या विट्याच्या गलाई कारागिरांनी, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांनी, एकमेकांना भारतभर नेले तसेच. कोयनेचेही तेच. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर धरणाजवळच्या एका लहानशा पट्ट्यात धक्के थांबले नाहीत, आणि धरणामुळे होणारे भूकंप समजून घ्यायला अशी जागा जगात क्वचित मिळते. म्हणून गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल चाचणी-विवर खोदले गेले, त्यात आंतरराष्ट्रीय भूखनन कार्यक्रमाचा सहभाग आला आणि केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला उभी राहिली. तिथे परदेशी शास्त्रज्ञाला बोलावण्यासाठी शाल-श्रीफळ लागत नाही. काम इथे आहे म्हणून तो येतो.

आता आपल्या भाचीविषयी. बी.ए. तिने विट्यालाच पूर्ण करावे. त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहण्याचा खर्च मला पटत नाही. एम.ए.साठी मात्र बाहेर पडावे, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास हाच विषय हवा असेल तर दिल्लीचा विचार करावा. नेट परीक्षेत राज्यशास्त्राखेरीज आंतरराष्ट्रीय व क्षेत्रीय अभ्यास असा वेगळा विषय आहे, हेही तिच्या लक्षात असू द्यावे. कोणत्याही विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन तिने विचारावे की गेल्या तीन वर्षांत करारांखाली किती विद्यार्थी किमान एक सत्रभर बाहेर गेले आणि त्यांचे तिकीट कोणी काढले. उत्तर आकड्यात मिळाले तर बसून पुढचे बोलावे. माहितीपत्रक हातात मिळाले तर आभार मानून उठावे. शिष्यवृत्त्यांत राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. त्यांच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

भाषा मात्र तिने आजपासून सुरू करावी. नोकरीचा विचार आधी असेल तर जर्मन किंवा जपानी, आणि तिची पातळी दाखवणारी मान्यताप्राप्त परीक्षा द्यावी, कारण महाविद्यालयाच्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राला बाहेर कोणी विचारत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात विदेशी भाषांचा विभाग आहे, तिथे चौकशी करावी.

अभ्यासाचीच ओढ असेल तर मी तिला फारसी सुचवेन, आणि यामागे नुसती हौस नाही. सांगली-तासगाव हा देशातला बेदाण्याचा मोठा बाजार आहे आणि जिथे फारसी चालते त्या अफगाणिस्तानातून बेदाणा आला की इथला भाव हलतो, हे तासगावच्या कुठल्याही बागायतदाराला ठाऊक असते. तो माल कोणत्या वाटेने येतो, कोणत्या करारामुळे त्याच्यावर शुल्क कमी लागते, तिथली राजवट बदलल्यावर त्या वाटेचे काय झाले, यावर तिला पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करता येईल, आणि तो विट्याहून सांगलीला एस.टी.ने जाऊन-येऊन करता येईल. सौदे चालू असताना व्यापारी बोलायला मोकळे नसतात. ते संपल्यावर चहाच्या वेळी गेले तर अडते बरेच काही सांगतात. जाताना वही न्यावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले की ते गप्प होतात.